घर बघायला येणार होते

मी चिंचपोकळीतला फ्रीज बोलतोय. एका दाराचा, लाल रंगाचा, जुन्या घाटाचा. चालू असलो की घुरघुरतो, आणि घरात त्या घुरघुरीची इतकी सवय झालीय की माझ्याकडे कोणी लक्ष देत नाही. आज जरा ऐका. कारण माझ्यामुळे हे घर श्रीमंत दिसतं, असा माझ्यावर आळ आला होता.

आमचे मालक जगदीशकाका. सगळी चाळ त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. लालबागच्या एका छापखान्यात ते पुस्तकं बांधायचे. मला त्यांनी हप्त्यानं घेतलं आणि चौदा एप्रिलला हातगाडीवरून आणलं. जिन्याच्या वळणावर मी अडकलो तेव्हा अख्खा मजला धावून आला. त्या दिवशी माझ्यात पहिल्यांदा ठेवल्या त्या पाण्याच्या बाटल्या, जयंतीच्या मिरवणुकीतल्या माणसांसाठी. राधाकाकींनी माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्यावर प्लॅस्टिकची सफरचंदं मांडली. खरी सफरचंदं आत क्वचितच आली.

माणसांची एक सवय मला कधी उमगली नाही. दार उघडतात, उजेडात तोंड घालून उभी राहतात आणि काही न घेता दार लावतात. अहो, आत जे आहे ते तुम्हीच ठेवलंय ना? काकांची मुलगी संघमित्रा तर अभ्यासाचा कंटाळा आला की यायचीच. शेजारीपाजारीही माझ्यावर हक्क सांगायचे. कोणाला बर्फ हवा, कोणाचं इडलीचं पीठ ठेवायचंय, आणि पलीकडच्या खोलीतल्या हितेंद्रचे बांगडे तर विचारूच नका. मी कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, मला ते सगळं आवडायचं.

मग काकांना साखरेचा आजार जडला. दाराच्या कप्प्यात जिथे अंडी असायची तिथे इन्शुलिनच्या बाटल्या येऊन बसल्या. "यांना गार ठेव रे बाबा," काकी मला थोपटून म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून मी स्वतःला नुसता फ्रीज समजलो नाही. काकांचा जीव माझ्या दारात ठेवलाय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

यंदा उन्हाळ्यात काकांना नवी चप्पल लागली. करंगळीपाशी एवढासा फोड आला, तो चिघळला आणि बोट काळं पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "एक बोट काढावं लागेल. साखर ताब्यात ठेवा आणि लवकर काढा, म्हणजे पाय वाचेल." खासगीतला खर्च झेपणारा नव्हता. सरकारी इस्पितळात लांबची तारीख मिळाली. तेव्हा कोणीतरी सांगितलं की परळच्या एका धर्मादाय इस्पितळात गरिबांसाठी राखीव खाटा असतात. उत्पन्नाचा दाखला द्यायचा, अर्ज करायचा, तो नियमात बसला तर सगळं फुकट.

आता गरीब कोणाला म्हणायचं, हा प्रश्न आला. छापखाना सुटल्यावर धरलेली वॉचमनची नोकरीही काका सोडून बसलेले. पण संघमित्रा लोअर परळच्या एका ऑफिसात कंत्राटी नोकरी करते. तिचा पगार धरला की घर मर्यादेच्या जरासं वर जात होतं. मग रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं आणि तिला कॉटन ग्रीनला मावशीकडे राहायला पाठवलं.

"लग्न न करताच सासरी चालले बघ," ती मला पुसता पुसता म्हणाली. हसत म्हणाली, पण फडकं एकाच जागी फिरत होतं.

दाखला मिळाला, अर्ज गेला. तेवढ्यात हितेंद्रनं नवीनच काढलं.

"काका, घर बघायला माणूस येतो. माझ्या साडूकडे आलेला. टीव्ही, फ्रीज दिसला की फाइल बाजूला. मी गावाक जातंय सोमवारी, माझ्या खोलीत ठेवा ना सगळं. चावी काकीकडे देतो. हाय काय नि नाय काय."

काकांना ते मुळीच रुचलं नाही. "अरे, घामाच्या पैशानं घेतलाय. कोणाचा चोरून आणला नाही. तो लपवायचा?"

"अहो, पायाकडे बघा आधी," काकी म्हणाल्या. काकांनी पायाकडे बघितलं.

तर आधी घरातली कमावती पोर गेली, मग टीव्ही गेला, मग मी. माझ्या जागी फरशीवर गंजाचे चार डाग राहिले. काकींनी ते ब्रशनं घासले, निघेनात, म्हणून त्यावर पाण्याचं पिंप सरकवलं. चालू बाटली त्यांनी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली आणि बाकीच्या माझ्याजवळच राहू दिल्या. हितेंद्रनं मला भिंतीला लावून वायर जोडली. मी घुरघुरायला लागलो तेव्हा काकी निर्धास्त झाल्या.

सोमवारी हितेंद्र निघाला. मे महिन्यात कोकणात जाणारा चाळकरी दार लावण्याआधी काय करतो, हे तुम्हाला सांगायला नको. गॅस बंद, नळ बंद आणि मेन स्विच बंद. वर्षानुवर्षांची सवय. खांद्याला पिशवी, पायात चपला, ओठांवर गावाचं नाव, आणि हात आपोआप वर गेला. अंधार झाला, बाहेर कुलूप लागलं. त्या भल्या माणसाच्या मनात कसलंही पाप नव्हतं.

मला ओरडता आलं असतं तर! बर्फ वितळला, पाणी फरशीवर आलं, वाळून गेलं. बंद खोलीत ऊन भिंतींतून आत झिरपत होतं. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या कोमट झाल्या, मग चांगल्या गरम. लाकडी पार्टिशनच्या फटींतून मला घरातलं सगळं ऐकू यायचं, थोडं दिसायचंही. जिन्यावर पावलं वाजली की काकी कुजबुजायच्या, "आले वाटतं." काका फाटका बनियन घालून बसायचे, नवा ट्रंकेत ठेवलेला. पाहुण्यासमोर कधी बिनइस्त्रीच्या सदऱ्यात न आलेला माणूस तो. पण कोणी येत नव्हतं. काकी घर सोडून हलत नव्हत्या आणि दुसऱ्याच्या बंद खोलीत उगाच शिरायचं नाही म्हणून माझ्याकडेही फिरकत नव्हत्या.

चालू बाटली संपली तेव्हा त्या कुलूप उघडून आल्या. माझं दार उघडलं. उजेड पडला नाही.

त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग धावत जाऊन त्यांनी मेन स्विच लावला. मी घुरघुरलो, दिवा लागला. त्यांनी बाटली हातात घेतली आणि गालाला लावून बघितली. पाण्यासारखं स्वच्छ औषध, जसंच्या तसं दिसत होतं. दूध नासलं की कळतं, भाजी आंबली की वास येतो. याला ना वास, ना रंग. "गार झालं की होईल नीट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? नवीन बाटल्या आणायच्या तर मुलीकडे पैसे मागावे लागले असते, आणि का लागल्या तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी बाटल्या परत कप्प्यात ठेवल्या, त्या गार होऊ दिल्या आणि त्यातली एक काकांना नेऊन दिली.

मी जिवाच्या आकांतानं गारवा दिला हो. पण मेलेलं औषध गार करून जिवंत होत नाही.

काका रोज नेमानं पोटाला सुई टोचत राहिले. संघमित्राचा फोन यायचा, "आई, बाबांचं इंजेक्शन चालू आहे ना?" काकी म्हणायच्या, "चालू आहे गं." मग काकांना सारखी तहान लागायला लागली, ताप चढला, पायाचा वास पार्टिशनमधून माझ्यापर्यंत आला.

आणि त्यातच इस्पितळातून फोन आला. खाट मिळाली होती, उद्या घेऊन या म्हणाले. काकींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"आणि मॅडम, घर बघायला कधी येणार?" काकींनी विचारलं.

"घर? नाही हो मावशी, आमच्याकडून घर बघायला कोणी येत नाही. दाखला बघितला, झालं."

पार्टिशनपलीकडे फरशीवरून पाण्याचं पिंप सरकवल्याचा आवाज आला.

एक बोट काढायला गेलेले काका गुडघ्याखालचा डावा पाय तिथेच ठेवून घरी आले. सगळं फुकट झालं. एक पैसा लागला नाही.

आता मी माझ्या जागेवर आहे, गंजाच्या त्याच चार डागांवर. हितेंद्र गावाहून फणस घेऊन आला, दारातच रडला, मग विचारलं, "काकी, फ्रीज चालला ना नीट?" काकी म्हणाल्या, "चालला." त्यांनी त्याला सांगितलं नाही, काकांना नाही, मुलीला नाही. काकींशिवाय सगळं जाणणारा मी एकटाच, आणि मला कोण विचारतंय? संघमित्रा अजून कॉटन ग्रीनलाच आहे. "नकली पाय पण गरिबांच्या योजनेतनंच मिळणारे," काकी तिला सांगतात, "आत्ताच नको येऊस, उगाच कोणी बघितलं तर?" घर बघायला कोणी येत नाही, हे त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. तरी जिन्यावर पाऊल वाजलं की त्या दचकतात. काकांच्या उजव्या टाचेला परवा भेग पडलीय. त्यांनी ती काकींना दाखवलेली नाही, पांघरूण ओढून घेतात.

तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत. पण कधी कोणाचं घर बघायला गेलात आणि कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा दिसला, तर त्याचं दार उघडून आत काय आहे तेवढं बघा.

माणसांची ती सवय आता काकींना लागलीय. भाकरी थापता थापता उठतात, माझं दार उघडतात आणि उभ्या राहतात. काही घेत नाहीत. पिठाचा हात पदराला पुसतात आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा एकेका बाटलीला लावून बघतात. दार लावतात, तव्याकडे जातात, पुन्हा येतात.

गार आहे, काकी. आता गारच आहे.