मागच्या खोलीचा पडदा

हॅलिडन ही युद्धनौका बुडाल्याची बातमी पोर्ट्समथला शनिवारी आली आणि दुपार व्हायच्या आत गल्लीतल्या अर्ध्याअधिक घरांचे पडदे सुतकाची खूण म्हणून खाली आले. आरमाराची रीतच अशी की एका जहाजावर एकाच बंदरातली माणसं भरायची. लंडनच्या साहेबांना ते सोयीचं पडत असेल, पण जहाज गेलं की आमच्या गल्ल्याच्या गल्ल्या धुऊन जातात. आतासुद्धा एका दमात हजारावर माणसं गेली होती आणि वर्तमानपत्रवाले लढाई जिंकली की हरली यावरच भांडत बसले होते.

हॅटी प्रिव्हेटनंही रस्त्याकडचा पडदा ओढला. तिचा नवरा रूबेन हॅलिडनवर तोफेवर होता आणि त्याचा धाकटा भाऊ सिरिल त्याच जहाजाच्या भट्टीवर. शेजारच्या मिसेस पडविकचा नवराही त्याच जहाजावर गेला होता, तरी ती आपलं दुःख बाजूला ठेवून वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि हॅटीला पोटाशी धरून रडली. हॅटीही रडली. रडू ओढून आणायची गरजच नव्हती, भीतीनंच ते येत होतं. कारण रूबेन वर, मागच्या खोलीत, पलंगामागे अंग चोरून बसला होता.

त्याचं असं झालं. रजा संपल्यावर दोघं भाऊ जहाज गाठायला उत्तरेकडच्या गाडीत बसले, आणि पुढच्याच स्टेशनावर रूबेन उतरून रात्री लपतछपत घरी आला. आदल्या वर्षीच्या लढाईत शेजारच्या तोफघरात गोळा फुटला होता आणि आतली माणसं बाहेर काढायला त्याला पाठवलं होतं. आत काय पाहिलं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्याचे हात थरथरायचे आणि साध्या कपाटाचं दार लागलं तरी त्याला घाम फुटायचा. उद्याच्या गाडीनं जातो म्हणाला, मग परवाच्या. तेवढ्यात आरमार लढाईला निघालं आणि हॅलिडन तळाला गेली. रूबेन जहाजावर नव्हता हे सांगू शकणारं एकही माणूस शिल्लक राहिलं नाही. सरकारच्या लेखी तो आता शहीद होता.

हॅटीला एवढंच हवं होतं की तो तसाच शहीद राहावा. पकडला गेला तर तुरुंग, नाहीतर गोळी. आणि ज्या बायका आज तिला सूप देत होत्या त्याच उद्या तिच्या दारावर दगड मारणार होत्या. विल्टशरला तिच्या मावशीचं शेत होतं. गल्लीतली वर्दळ ओसरली की त्याला तिकडे न्यायचं, नाव बदलायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

अडचण एकच होती, सासू. कीझिया प्रिव्हेट मागच्या गल्लीत राहायची आणि दोघींची परसं एकमेकांना भिडलेली होती. म्हातारी रोज यायची, स्वयंपाकघरात बसायची आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायची. दोघं बरोबर होते, धाकटा एकटा नव्हता. पोरं आरमारात गेली तेव्हा तिनं रूबेनकडून शब्द घेतला होता, की सिरिलला सोडणार नाहीस. तेवढ्या एका आधारावर ती उभी होती. वरची जमीन लाकडी आणि पातळ. रूबेनला प्रत्येक शब्द ऐकू जायचा.

ती गेली की तो हॅटीला म्हणायचा, मी खाली येतो, तिला सांगतो.

"काय सांगशील?" एकदा हॅटीनं विचारलंच.

"की मी जिवंत आहे."

"आणि सिरिलचं काय सांगशील?"

तो पुन्हा पलंगामागे जाऊन बसला. तिला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याचा संतापही आला. असं दोन्ही एकदम वाटायला लागलं की माणूस फार थकतं. आणि ती थकली होती.

गुरुवारी सासू आली ती परसदारातून नाही, रस्त्याकडून, टोपी घालून, देवळात निघाल्यासारखी. हॅटीनं चहा ठेवला, पण तिनं कपाला हात लावला नाही.

"हॅटी, माझा नवरा गेला तेव्हा पडदा ओढला, माझा भाऊ गेला तेव्हा ओढला," ती म्हणाली. "दर वेळी रस्त्याकडचा. लोकांना कळावं म्हणून ओढतो आपण तो. परसाकडचा पडदा कोणी ओढत नाही गं. तुझ्या मागच्या खोलीचा शनिवारपासून बंद आहे, आणि माझं धुण्याचं टाकं बरोबर त्याच्यासमोर आहे."

काहीतरी बोलायला हवं होतं, ऊन लागतं, डोकं दुखतं, काहीही. तिनं उगाच किटली पुन्हा उचलली.

"कोण आहे वर, ते मी विचारत नाही," सासू म्हणाली. "परका पुरुष असता तर बरं झालं असतं, असं वाटण्याच्या थराला मी आलेय. पण तू तसली नाहीस."

वर फळी करकरली. रूबेन जिना उतरत होता. हॅटी हात आडवा धरून धावली, पण तो अर्ध्यावर आला होता. दाढी वाढलेली, पायांत नुसते मोजे. म्हातारीची जिन्याकडे पाठ होती. तिनं मान वळवली नाही.

"सिरिलला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं, आई."

"काय म्हणाला तो?"

रूबेन पायरीवर खाली बसला. "म्हणाला, तू जा घरी, तुझ्यानं होणार नाही. तुझं मी सांभाळून घेतो, हजेरीला कोणाला तरी तुझ्या नावानं ओ द्यायला लावतो." त्यानं जिन्याचा कठडा धरला. "आणि म्हणाला, फक्त आईला कळू देऊ नकोस."

मग म्हातारी टेबलाला धरून उठली.

"त्याचं शेवटचं मागणं आहे ते," ती म्हणाली. "तेव्हा मला काही कळलेलं नाही."

"आई, एकदा माझ्याकडे बघ."

तिनं हातमोजे चढवले. एक बोट काही केल्या आत जाईना, तिनं ते तसंच राहू दिलं. मग ती हॅटीशी बोलली, फक्त हॅटीशी. "रविवारी गेलेल्यांसाठी प्रार्थना आहे. सगळी गल्ली देवळात असेल. त्याला तुझ्या मावशीच्या शेतावरच नेणार असशील, तर तेव्हा जा. आणि त्याला म्हणावं, पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. तोंड दिसलं तर मी विचारीन, धाकट्याला कुठं सोडलंस, आणि एकदा विचारायला लागले की मी थांबणार नाही."

रस्त्याकडचं दार लागलं. रूबेन पायरीवर बसून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. हॅटीनं एप्रनचा बोळा केला आणि त्याच्या तोंडात कोंबला, कारण मिसेस पडविक घरातच होती आणि मधली भिंत पातळ होती.