उमेंद्रच्या नावाची ओळ

कुडव्यात नत्थूलाल पटल्यांच्या घरी मेलेला पोरगा अजून कामाला बसतो, ही गोष्ट पार गोंदियाच्या बाजारापर्यंत पोचली होती. लोकांचं काय, लोकांना तेवढंच पाहिजे असतं. पण नवल असं की ती उठवली कोण्या बाहेरच्यानं नव्हती. उमेंद्रची सख्खी माय, तुलसाबाई, तीच दारावरच्या भाजीवालीला सांगायची, "माहा पोरगा सुटला नाही वं. दुपारी त्याच्या खोलीत मशीन टिकटिक करून राहते."

उमेंद्रची धाकटी बहीण भूमेश्वरी हे ऐकायची आणि मान खाली घालून चपला पायात सरकवायची. कुडवा नाक्यावर तिचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान उघडायचंय म्हणून ती निघून जायची.

उमेंद्र म्हणजे डोक्यानं तेज आणि तोंडानं मुका. नागपुरात शिकला, नोकरी धरली, सोडली, घरी येऊन मागच्या खोलीत कॉम्प्युटरचं मशीन मांडून बसला. तेव्हा एक पीडा होती. एका मशीनवर टाइप केलेली मराठी दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी नुसत्या किडेमुंग्या. तहसिलीतले अर्ज, प्रेसवाल्यांच्या लग्नपत्रिका, सगळ्यांचं हेच रडगाणं. उमेंद्रनं त्यावर एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिलं. किडेमुंग्या आत टाका, बाहेर स्वच्छ मराठी. नाव ठेवलं 'पाखड', कारण माय सुपात तांदूळ पाखडायची तसंच ते काम होतं. आणि या येड्यानं ते विकलं नाही. नेटवर टाकून दिलं, सगळ्यांसाठी खुलं. पॅकेज चालू केलं की पहिल्यांदा एकच ओळ यायची:

पाखड. कॉपीराइट २००३, उमेंद्र नत्थूलाल पटले. कोणीही वापरा, बदला, वाटा, विका. ही ओळ तेवढी राहू द्या.

लायसन्स म्हणतात ते एवढंच. मालक तो, पण दार सताड उघडं. अट फक्त नावाची.

२००८ च्या पावसाळ्यात मलेरिया डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत उमेंद्र गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि भूमेश्वरीनं भावाची मेल उघडली. बंद करायची म्हणून उघडली होती, खरंच. त्यात कोल्हापूरकडच्या एका प्रेसवाल्याचा निरोप: उमेंद्रसाहेब, 'ऱ्या' तुटतो आहे, बघाल का? त्याला 'साहेब वारले' असं लिहायला ती बसली. बोटं काही हलेनात. मग तिनं पॅकेज उघडलं. भावाच्या बाजूला स्टूल टाकून बसून बसून तिला सगळं येत होतं, फक्त कोणी कधी विचारलं नव्हतं. तिनं 'ऱ्या' दुरुस्त केला आणि उत्तर पाठवलं: झालं. उमेंद्र.

एवढं एकदाच, असं तिनं स्वतःला सांगितलं. कशाचं एकदाच! लोक विचारत गेले, ती करत गेली, आणि सगळं भावाच्या नावावर घालत गेली. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आजा गेल्यावर तिनं वडिलोपार्जित धानाच्या बांधीतला आपला हिस्सा हक्कसोड करून भावाला दिला होता. बाबूजींनी, म्हणजे नत्थूलालांनी, कचेरीत नेलं, 'इथं सही कर' म्हटलं, हिनं केली. घरोघरच्या पोरी करतात. बांधी भावाची, तसं पॅकेजही भावाचं. पोरीनं चिखलात रोपं लावून रोवणा केला म्हणून धान पोरीचं होतं का? आणि दर जानेवारीत ती त्या ओळीतलं वर्ष पुढं ढकलायची. २००३ ते २००९. २००३ ते २०१०. भाऊ जगाच्या हिशेबी जिवंत होता, बापा, फक्त भेटत नव्हता.

हळूहळू तिलाच भीती वाटायला लागली. उमेंद्रला कोडच्या मधेमधे स्वतःशी बोलल्यासारखं लिहून ठेवायची सवय होती. एका दुपारी जुनं काही शोधताना तिला एक ओळ दिसली: भूमे, इथं हात नको लावू. आता भूमे म्हणणारा माणूस एकच. तारीख बघितली तर मागच्याच महिन्याची. म्हणजे लिहिलं तिनंच असणार, दुसरं आहे कोण? पण तिला आठवेना. तिनं ती ओळ पुसली नाही आणि तिथं हातही लावला नाही.

हे काम दुकानात होत नसे. भावाच्या जुन्या मशीनवरच सगळा पसारा होता, आणि ते मशीन त्याच्या बंद खोलीत. समोरच्या दाराला मायनं कुलूप घातलं होतं, ती तिकडं फिरकतही नसे. भूमेश्वरी दुपारी दुकान ओढून घ्यायची, मागच्या वाडीतून यायची आणि वाडीकडच्या दारानं गुपचूप आत शिरायची. मायला वाटे, पोरगी दुकानात.

पटल्यांच्या घरची रीत अशी की गेलेल्या माणसाला अक्तीच्या दिवशी पित्तरांत मिळवायचं. त्या दिवशी त्याच्या नावाचा घास विस्तवावर ठेवायचा. घास भडकला की तो पूर्वजांत गेला. मग त्याचं वेगळं नाव घ्यायचं नाही. अक्षय्य तृतीयेला सगळा देश सोनं घेत असतो, आणि तुलसाबाई चुलीपुढं बसून विस्तवाकडं बघत असायची. उमेंद्रच्या घासाचा नुसता धूर व्हायचा. एका वर्षी झाला, दुसऱ्या वर्षी झाला, तिसऱ्याही वर्षी झाला.

तिसऱ्या वर्षाच्या त्या अक्तीनंतर ती पहिल्यांदा खोलीच्या दाराशी आली. आत भूमेश्वरी बसलेली, हात कीबोर्डवर. बाहेरून मायचा आवाज आला.

"उमेंद्र, बापा, आयक. कोण अडवून राहिलं तुले? काय राहिलं असंन तं सांग, मी करतो. पण जा आता. माह्यानं हे आयकवत नाही. जा माह्या लेकरा."

भूमेश्वरीची बोटं जागीच थिजली. उठून दार उघडावं, 'माय, मी आहे' म्हणावं. दोन पावलांचं तर काम. पण मग माय विचारणार, तू कायले त्याच्या जागेवर बसली? आणि त्याला काय सांगायचं? ती श्वास रोखून बसून राहिली. टिकटिक थांबली तसं बाहेर मायनं कपाळ टेकवलेलं तिला ऐकू आलं. पोरानं आपलं ऐकलं असं मायला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी टिकटिक पुन्हा सुरू झाली. कारण भूमेश्वरी पुन्हा गेली. तिला शिव्या घालाव्याशा वाटतात ना? तिनं स्वतःला कमी घातल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी, २०१२ च्या एप्रिलमध्ये, अक्ती तोंडावर असताना धनेंद्र आला. हा उमेंद्रचा चुलतभाऊ, नागपुरात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मन चांगलं, पण जीभ सैल. घरापुढच्या छपरीत बाजेवर बसला, पाणी प्याला आणि बॅगेतून कागद काढला.

"काकी, काका, उमेंद्रभाऊचं पाखड आमच्या कंपनीले पाहिजे. वापरून तं राहिलोच आहोत. पण ती नावाची ओळ आमच्या गिऱ्हाइकाले नको आहे. लायसन्स म्हणते, ओळ काढाची नाही. काढाची असंन तं मालकाची परवानगी पाहिजे. मालक भाऊ. भाऊ नाही, तं तुम्ही."

"तो गेल्यावर कायचा मालक?" तुलसाबाईनं विचारलं.

"असं नसते, काकी. माणूस गेला तरी कॉपीराइट साठ वर्षं राहते. वारसाकडे येते."

"साठ वर्षं?" तुलसाबाईचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे साठ वर्षं तो असाच बांधलेला राहीन?"

धनेंद्रला काही उमगलं नाही. तुलसाबाईनं हात पुढं केला. "काढा बापा, काढा त्याचं नाव. कुठं सही करू? नाव पुसलं म्हणजे तरी सुटंन माहा पोरगा."

भूमेश्वरी दारात उभी होती. गावोगावच्या मशिनींवर, रोज, कोणी ना कोणी चालू करतं आणि भावाचं नाव उजेडात येतं. भावाचं एवढंच तर उरलं होतं. आणि माय तेच पुसायला निघाली होती, तेही मायेपोटी.

"थांबा, एक भानगड आहे," धनेंद्र म्हणाला. "आमचा वकील म्हणते, हा माणूस दोन हजार आठात वारला, मग त्याच्यानंतरचं काम कोणाचं? मेलेला माणूस कोड लिहीत नाही. ज्यानं लिहिलं त्याचीही सही लागते. त्याच्या मर्जीशिवाय ओळ हलत नाही."

"त्यानंच लिहिलं," तुलसाबाई म्हणाली. "मी आयकतो ना दुपारी."

धनेंद्र हसायला गेला, पण काकीकडं बघून त्यानं हसू आवरलं. मग खाकरून म्हणाला, "मंग तसंच लिहून द्या. सगळं काम उमेंद्रभाऊचंच आहे, दुसरं कोणी नाही. विषय खतम."

नत्थूलाल बाजूलाच बसले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला. तुलसाबाईनं पेन उचललं. आपला मेलेला पोरगा अजून राबतो आहे, असं ती माउली कायद्याच्या कागदावर लिहून द्यायला निघाली होती.

"माय, थांब," भूमेश्वरी म्हणाली. "ते मी लिहिलं."

"तू कायले लिहिशीन? तू तं दुकानात राहते."

"नाही राहत. दुपारी वाडीतून येतो मी. त्याच्या मशीनवर बसतो. ती टिकटिक माहीच होती."

तुलसाबाईनं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी दाराशी येऊन हात जोडले. तवा तू आत होती?"

"हो."

"आयकून राहिली होती?"

"हो, माय."

तुलसाबाईनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. "माह्या लेकराले मी घरातून जा म्हटलं वं! जो नव्हताच त्याले हाकलत राहिली. आणि तू आतून आयकत राहिली. काऊन? कायले केलं असं?"

"भावाचं होतं म्हणून भावाच्या नावानं केलं," भूमेश्वरी म्हणाली. "बांधी दिली तशी. वर्ष पुढं नेलं की वाटे, आहे तो. नाही नेलं तं..."

"मले मालूम होतं," नत्थूलाल म्हणाले.

दोघी त्यांच्याकडं वळल्या. म्हातारा कागदाची घडी घालत होता. "वाडीत हिच्या चपला दिसत. पण पोराचं नाव दिसून राहिलं होतं ना. मी कायले बोलू?"

धनेंद्र बिचारा बॅगेचा पट्टा ओढत बसला होता. शेवटी त्यानंच विचारलं, "मंग भूमेश्वरी, तू सही देशीन का?"

"नाही," भूमेश्वरी म्हणाली. "त्याचं नाव मी पुसू देणार नाही. तुमच्या कंपनीले सांग, वापरा, विका, पण ओळ राहीन."

ती मायकडं वळली. माय आता भडकणार, पोराला अडकवून ठेवते म्हणणार, असं वाटलं तिला. तुलसाबाई उठली, पदरानं तोंड पुसलं आणि कंबरेची किल्ली काढली.

"राहू दे नाव," ती म्हणाली. "माह्या पोरानं केलं, त्याचं नाव राहीन. पण तो मेला ते लिही. तुह्यानं लिहून होत नसंन तं मी बाजूले बसतो."

समोरचं कुलूप इतक्या वर्षांनी निघालं. भरदुपारचं ऊन खोलीत शिरलं. माय स्टुलावर बसली, भूमेश्वरी भावाच्या खुर्चीत. तिनं ती ओळ उघडली. २००३ ते २०१२. शेवटचा आकडा खोडायला बोट गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं. आता भाऊ काहीतरी म्हणेल, असं तिला वाटत होतं. कुठून तरी 'भूमे' ऐकू येईल म्हणून तिनं कान दिला. बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी मोटारसायकल गेली, एवढंच.

तिनं बाराचं आठ केलं. खाली दुसरी ओळ लिहिली आणि पॅकेज चालू केलं.

"काय लिहिलं? वाच," माय म्हणाली. तिला अक्षरं येत नव्हती.

"पाखड," भूमेश्वरी वाचायला लागली. "कॉपीराइट २००३ ते २००८, उमेंद्र नत्थूलाल पटले. २००८ ते २०१२, भूमेश्वरी..."

स्वतःच्या नावापाशी ती थांबली. ती खुर्चीतून खाली आली आणि मायच्या मांडीत डोकं घालून ओरडली, "माय, भाऊ गेला वं! भाऊ गेला!"

तुलसाबाईनं तिचं डोकं घट्ट धरलं, ही बातमी आत्ताच कोणी दारात आणून दिल्यासारखं. "हो वं बाई," ती म्हणाली, "गेला," आणि पोरीबरोबर रडायला लागली.