खिडकीतला पक्षी

त्रिकोणराव हे मी ठेवलेलं नाव. या समीक्षक महाशयांना प्रत्येक चित्रात त्रिकोण दिसतो. जेवणाच्या ताटातही दिसत असावा. आमच्या संग्रहालयातल्या मोठ्या चित्रात पुराणातला एक बाप मुलाच्या खांद्यांना मेणाने पंख चिकटवतो आहे आणि मागे खिडकीत एक काळा पक्षी बसला आहे. बापाचं कोपर, मुलाची मान आणि पक्षी, झाला त्रिकोण! पक्षी म्हणजे मुलाचा मृत्यू. एवढ्यावर या गृहस्थाने तीनशे पानांचं पुस्तक पाडलं आणि मुखपृष्ठावर तोच पक्षी बसवला.

मी जुनी चित्रं साफ करते. त्या दिवशी मी शिडीवर चढून पिवळं पडलेलं वार्निश काढत होते आणि खाली त्रिकोणराव पाहुण्यांना ज्ञान पाजत होते.

"अख्ख्या चित्रात जिवंत काय असेल तर हा पक्षी. अस्सल हात आहे हा!"

पक्ष्याच्या शेपटीवर कापूस फिरवला तर तो काळा झाला. वार्निशखालचा मूळ रंग असा सुटत नाही. म्हणजे पक्षी वार्निशच्या वर होता, कोणीतरी मागाहून रंगवलेला. मग त्याचा डावा पाय पाहिला. वाकडा. लहानपणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज येणाऱ्या लंगड्या कावळ्याचा पाय मी झोपेतही ओळखेन.

बाबा इथेच फाटकी चित्रं सांधायचे. सगळे त्यांना ठिगळ्या म्हणायचे. चारचौघांत मीही हसायचे. एकदा त्यांच्या हातून शिडीचं टोक एका चित्रात घुसलं. नोकरी जाईल म्हणून भोक बुजवून वर काहीतरी रंगवलं, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. कोणतं चित्र, ते सांगितलं नव्हतं.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गप्प बसता आलं असतं, पण या माणसाचं तोंड पडलेलं मला बघायचंच होतं.

"साहेब, हा पक्षी माझ्या वडिलांनी काढलाय. खाली भोक आहे. ठिगळ आहे ते."

पाहुण्यांतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. त्रिकोणरावांचं तोंड खरंच पडलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि नाक मुरडून वर पाहिलं.

"तरीच! मला पहिल्यापासून शंका होती. रेषा किती अडाणी आहे बघा. पुसून टाका बाई, आत्ताच."

नियमही तोच आहे: मागाहून घातलेलं काढायचं. नव्यांना तो मीच शिकवते.

बाबांचं दुसरं एकही चित्र कुठे नाही. पाहुणे पुढच्या दालनात गेले. मी कापूस भिजवला. शेपटी माझ्या हाताने गेलीच होती. पाय मी शेवटासाठी राखून ठेवला.