जळक्या सुताचा वास

लाँड्रीत उभं आयुष्य गेलंय माझं. जळक्या वासातलं मला कुणी शिकवू नये. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, नायलॉन नाकाला झोंबतं, आणि सुती कापडाचा वास कोरडा असतो, कागद जळल्यासारखा. डोळे बांधून उभी करा, काय जळलं ते सांगते.

पण एक वास असा आहे, जो कुठे काही जळत नसताना येतो. सुतीच. माझे वडील गेले त्या सकाळी आला होता. सगळ्या इस्त्र्या तपासल्या, सगळ्या थंड, आणि दुपारी निरोप आला. मग आमचे हे शिडीवरून पडून पाय मोडून बसले, त्याच्या आदल्या संध्याकाळी आला. तेव्हापासून घरात त्याला नावच पडलंय, 'आईचा वास'. तो आला की हे गप्प होतात आणि मुलगी हसते. "वास येऊन काहीच झालं नाही असंही कितीदा झालंय, ते कोण धरणार?" म्हणते. मी म्हणते, झालं असेल कुठेतरी, आपल्याला कळलं नसेल. यावर ती कोपरापासून हात जोडते आणि विषय संपतो.

आमची बबडी. खरं नाव शाळेपुरतं. एकुलती एक, राग नाकावर, आणि लहानपणापासून एकच धोशा, नर्स व्हायचंय. झाली एकदाची. पण नोकरी लागली ती कुठे, तर बसने अर्धा दिवस लागेल अशा गावी. ठरल्या दिवशी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला, असं हॉस्पिटलवाल्यांनी चांगलं बजावलं होतं.

आदल्या दिवशी तिला दुपारच्या बसमध्ये बसवून आले. दुकानाला सुट्टी होती. आम्ही दुकानाच्या वरच राहतो, पण वर जाववेना. खाली हॉटेलच्या चादरींच्या घड्या राहिल्या होत्या. म्हटलं, हात चालू राहिले की डोळे गप्प बसतील. तीन-चार घड्या झाल्या असतील नसतील, आणि वास आला.

एकेका इस्त्रीला तळहात लावून पाहिला. थंडगार. मोठ्या प्रेसचं तर बटणसुद्धा बंद. बंद दुकानात जळणार काय, कपाळ!

हे मागच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते.

"अहो, वास येतोय का तुम्हाला?"

"कसला?" पेपर काही खाली आला नाही.

"जळका."

"नाही बुवा."

मग संपलंच. म्हणजे तो माझाच वास होता, आणि माझी पोर बसमध्ये होती. मी फोन लावला.

"बबडे, उतर."

"काय?"

"बसमधून उतर. वास आलाय."

"आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मला उद्या सकाळी हजर व्हायचंय!"

"पुढच्या स्टॉपला उतर. तुला माझी शपथ आहे."

ती म्हणाली, "नोकरी गेली ना, तर तुझ्या त्या नाकाला सांग मला पोसायला." आणि फोन आपटला.

उतरली की नाही, कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला तर उचलेना. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. उलटलेली बस, काचा, रस्त्यावर पडलेली तिची निळी बॅग. वास वाढत होता, आणि तो जसजसा वाढला तसतशी माझी खात्री पटत गेली. हे उठले, पाणी प्याले, ड्रायरपाशी जाऊन उभे राहिले, परत येऊन बसले. त्यांचाही चेहरा उतरला होता. मी म्हटलं, बापाचं काळीज आहे, न सांगता कळतंय.

बऱ्याच वेळाने दाराशी टॅक्सी थांबली. माझ्या जिवात जीव आला. बबडीने बॅग उंबऱ्यात आपटली, मला फाडून खायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"आई, अगं इथे काहीतरी जळतंय."

"तेच तर सांगतेय मघापासून..."

"तुझं नाही गं! खरंखुरं जळतंय!"

ती सरळ ड्रायरच्या मागे घुसली. भिंतीत शिरणाऱ्या नळीला हात लावला आणि ओरडलीच. ड्रायरमधून कपड्यांची लव उडते, कापसासारखी. पुढची जाळी आम्ही रोज साफ करतो. मागच्या नळीकडे कोण बघतंय? सकाळी यांनी बबडीचे टॉवेल वाळवायला ड्रायर लावला होता, आणि तो मी धरलाच नव्हता. दुकान बंद म्हणजे बंद. नळीतली लव आतल्या आत धुमसत होती, आणि भिंतीच्या वरच आमच्या खोलीची लाकडी जमीन.

यांनी नळी ओढून काढली तसा आगीचा लोळ बाहेर आला. यांच्या भुवया गेल्या. चादरींच्या गठ्ठ्याने पेट घेतला. बबडीने भिजत घातलेली गोधडी टबातून उचलली, ती कशी उचलली तिलाच ठाऊक, आणि गठ्ठ्यावर टाकली. मी बादल्या ओतत राहिले, सगळं विझल्यावरही ओतत राहिले. शेवटी तिनेच माझ्या हातातून बादली काढून घेतली.

"बाबा, तुम्ही तर इथेच बसला होतात," ती म्हणाली. "तुम्हाला वास नाही आला?"

यांनी खाली बघितलं. "आला की. तू गेल्यापासून येतोय."

"मग बोलला का नाहीत?" मी किंचाळलेच.

"मला वाटलं, तुझं मलाही लागलं. दोघांना येतोय म्हणजे पोरीचं नक्कीच काहीतरी होणार. मग तोंडच उघडेना."

बबडी हसेल असं वाटलं होतं. ती बॅगेवर बसली आणि रडायला लागली. "मी उतरले नसते, तर तुम्ही दोघं इथे बसून माझी काळजी करत करत जळून मेला असतात."

म्हणजे वासानेच वाचवलं की, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळची शेवटची बस पहाटे पोचायची. ही चुकली तर नोकरी गेलीच. आम्ही तिघांनी अंघोळी केल्या, केस धुतले, अंगावरचे कपडे बदलले आणि स्टँड गाठला. बबडीने पायरीवर एक पाय ठेवला, आणि मागे वळली.

"आई, आत्ता येतोय का गं?"

थट्टा नव्हती. जिने जन्मभर माझी टर उडवली, ती माझी पोर दांडी धरून माझ्या उत्तरासाठी थांबली होती. मी हो म्हटलं असतं तर ती खाली उतरली असती. आजच नाही, पुढेही जन्मभर उतरत राहिली असती. मला स्वतःचीच भीती वाटली.

येत होता. कोरडा, सुती, चांगला जोरात.

"कसला वास?" म्हटलं. "काही नाही. चढ बघू, मागे लोक खोळंबलेत."

ती चढली. बस वळणाआड गेली. हे पुटपुटले, "अगं, मला येतोय."

"गप्प बसा," म्हटलं, आणि त्यांची बाही ओढून नाकाशी धरली. साबणाचा वास. माझी धरली. साबणाचा. पदपथ, कचऱ्याचा डबा, बाकाखाली, सगळीकडे वाकून पाहिलं. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. कुठे साधी विडीसुद्धा जळत नव्हती.

आम्ही फोन मांडीवर ठेवून बाकावर बसलो. थोड्या वेळाने तो वाजला.

"आई, खरं सांग. नव्हता ना येत?"

यांनी माझा हात घट्ट धरला.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "झोप तू."