समुद्राने धरलेली झील

हे मी सांगायचे नव्हते. "कोणाक सांगा नको हां," असे सुभद्राने मला बजावले होते. पण आज ती माझ्या एका पानावर अडली आहे आणि मला गप्प राहवत नाही.

मी एक कादंबरी. होडीतून पोवळ्यांच्या बेटावर जाणाऱ्या राजकन्येची अद्भुत गोष्ट माझ्यात आहे. मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. सुभद्राच्या वडिलांनी मला कोकणात, मिठबावला आणले तेव्हा ती मराठी तिसरीत होती. काजूच्या झाडाखाली बसून ती मला वाचायची. माझ्या कोपऱ्यांवर अजून बोंडांच्या रसाचे डाग आहेत.

एका ओळीला मात्र ती घाबरली. 'राजकन्या गाऊ लागली आणि समुद्राने तिची झील धरली.' आमच्याकडे मालवणीत झील म्हणजे मुलगा. राजकन्येचे लग्न कधी झाले, मुलगा कधी झाला, तिला पत्ता लागेना. पण समुद्राने त्याला धरले, एवढे कळले. 'तिचो' नसून 'तिची' का, हे तिने विचारले नाही. पुस्तकातले मराठी वाकडेच असते, असे तिला वाटे. तिने सुईदोरा आणून पुढची सगळी पाने शिवून टाकली. उरलेली गोष्ट माझ्या पोटातच राहिली.

लग्नानंतर मी तिच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली गेले.

यंदा, बासष्ट सालच्या वैशाखात, तिचा मुलगा लवू विजयदुर्गाहून शिडाच्या पडावावर खलाशी म्हणून मुंबईला गेला. बरोबरचे पडाव परतले, त्याचा नाही. सुभद्राला घास जाईना. मन कशात तरी घालावे म्हणून तिने मला बाहेर काढले.

"पोरगो दर्यात आणि आवशीक राजकन्येच्यो गोष्टी सुचतत," तिची जाऊ शेवंती दारातून म्हणाली. तेव्हापासून मी तांदळाच्या सुपाखाली लपून असते.

लहानपणी तिला राजकन्याच दिसायची. किनाऱ्यावर लेकीची वाट पाहणाऱ्या राणीच्या दोन ओळी ती भराभर ओलांडायची. आता तिथेच थांबते.

आज ती त्या झीलच्या ओळीशी पोहोचली. "बघ, लिवलेलाच आसा," ती पुटपुटली. हायस्कुलात जाणाऱ्या तिच्या मुलीने, आनंदीने, मला तिच्या हातून घेतले.

"आये, ही झील म्हणजे तुझो लवू न्हय गो. भजनात बुवा म्हणता आणि मागचे सूर धरतत, ती झील. दर्यो तिच्यावांगडा गाता."

"म्हणजे दर्यान कोणाक नेल्यान नाय?"

"नाय."

"मगे इतकी वर्सा मी राजकन्येचो घोव खंय शोधी होतंय?"

त्या नसलेल्या नवऱ्याला दोघी हसल्या. आनंदीने दोरा उसवला आणि सुभद्रा पुढे वाचू लागली.

तेव्हापासून माझा जीव घाबरा झाला आहे. या पानावर वादळ आहे. होडी उलटते, राजकन्या दिसेनाशी होते आणि पान संपते. सुभद्राचे बोट शेवटच्या शब्दावर थांबले आहे.

"गो सुभद्रे," अंगणातून शेवंती हाक मारते आहे, "मुंबयसून माणूस इलो. बंदरार तुका बोलयतत. चल बेगीन."

तिच्या आवाजावरून बातमी बरी की वाईट, काहीच कळत नाही.

सुभद्रा उठते आहे. बाई, अशी मला मिटू नकोस. एकच पान उलट. तिथे किनाऱ्यावर उभ्या राणीला लांबून राजकन्येचे गाणे ऐकू—