भिवापुरीचा वास

मिरचीच्या धंद्यात माणसाचं नाक मेलेलंच बरं, हे मले सिगरेट सोडल्यावर समजलं. नागपुरात कळमन्याच्या मिरची बाजारात माझी लहानशी अडत आहे. इतकी वर्षं ढिगाजवळ उभा राहून मिरची मोडून पाहत आलो, बोली लावत आलो, पण कधी साधी शिंक आली नाही. सिगरेट सुटली आणि एक दिवस सकाळीच ढिगापाशी गेलो, तर असा ठसका बसला का बाप्पा! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंका थांबता थांबेना. हमाल हसून राहिले. शेजारच्या गाळ्यातला विश्वनाथ म्हणे, "अबे अंकुश, तू मिरचीचा दलाल आहे का गुलाबाचा?"

मी हसलो नाही. त्या दिवसांत मले हसू येतच नव्हतं. कोणी वाईट बोललं तर राग येत होता, चांगलं बोललं तर जास्त येत होता.

गोष्ट अशी का माझ्या आतड्याले आजार आहे. क्रोन्स म्हणतात त्याले. नाव ऐकून वाटते कोणी परदेशातला पाहुणा असेल. पण पाहुणा जाते, हा जात नाही. आतडं सुजते, आतून जखमा होतात, पोटात पीळ पडते, आणि भर बाजारात बोली अर्धी सोडून माणूस संडासाकडे पळते. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं फोटो पाहिले आणि म्हणाला, आतडं एका जागी अरुंद होऊन राहिलं. गोळ्या घ्या, तिखट-तेलकट बंद करा, आणि सिगरेट सोडा. म्हटलं, "नाही सोडली तर?" "तर तेवढा तुकडा कापून काढावा लागेल. त्यानंतरही ओढत राहिले, तर आणखी एक." हे तो इतक्या शांतपणे बोलला, जसं काही दुधीच चिराचा आहे. माझी बायको भावना बाजूले बसली होती. तिनं माझ्या शर्टाच्या खिशातलं पाकीट काढलं आणि डॉक्टरच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. भरलेलं पाकीट होतं हो! नंदनवनातलं आमचं घर येईपर्यंत मी त्या डब्याचाच विचार करून राहिलो होतो.

त्या दिवसापासून घरातून मिरची गेली. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी, पिकलेलं केळं, आणि मग पुन्हा मऊ भात. भावनाले म्हटलं, "अवं, तू तर नीट खा. तुले काय झालं?" तर म्हणे, "मले चालते." आमची पिंकी पुण्याले नोकरीवर. घरात आम्ही दोघंच. दोघंही समोरासमोर बसून पांढरा भात असे खात होतो, जसे आत्ताच कोणाच्या मयतीवरून आलो. जेवण संपलं का ती ताटं उचलत होती आणि मी उगाच टीव्ही लावत होतो.

आणि गंमत पाहा. सिगरेट होती तेव्हा जीभ अर्धी मेलेली, तेव्हा हाच भात मुकाट्यानं चालला असता. सिगरेट गेली, जीभ जागी झाली, आणि जागी झाल्यावर तिच्यापुढे काय आलं? दुधी! दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, तसं झालं माझं.

सिगरेटची आठवण दिवसभर येत नाही, हे खरं आहे. वेळेवर येते. बोली संपली का येते, चहा झाला का येते, आणि जेवण झालं का तर अशी येते का हात आपोआप खिशाकडे जाते. खिसा रिकामा लागला का जीव एवढुसा होते. बाजारात विश्वनाथ माझ्यासमोर ओढत नव्हता. ओढलीच तर बिचारा तोंड फिरवून तिकडे धूर सोडत होता. माझ्यासाठीच करत होता, पण मले रडू येत होतं. वाटत होतं, अरे लेका, इकडे सोड ना! एवढा धूर तर माणूस माणसाले फुकट देते.

पण खरं सांगू का? माझा जीव सगळ्यात जास्त रविवारासाठी तुटत होता. रविवारी भावना मटन करत होती. खोबरं, धने, खसखस आणि भिवापुरी मिरची तव्यावर भाजाले लागली का शेजारच्या घरातले लोक खोकत होते आणि खोकता खोकता विचारत होते, "आज भावनाताईकडे मटन का?" लाल तर्रीचा रस्सा, ज्वारीची गरम भाकर, कांदा. नाकातून पाणी गाळत दोघंही खात होतो. जेवण झालं का मी मागच्या पायरीवर सिगरेट घेऊन बसत होतो आणि ती मोरीत भांडी घासता घासता माझ्याशी बोलत होती. पिंकीचं, तिच्या आईचं, आमच्या लग्नात कोण कसं नाचलं त्याचं. दोन-चार शिव्या माझ्या सिगरेटलेही देत होती. आठवडाभरात आम्ही बोलत होतो ते तेवढंच. आता सिगरेट आठवली का ते बोलणं आठवते, आणि ते बोलणं आठवलं का सिगरेट. यातलं मले नेमकं काय पाहिजे, मलेच समजत नव्हतं.

मग एक दिवस संध्याकाळी भावना माझी गोळी घेऊन आली. हातावर गोळी ठेवली, आणि तिचा हात माझ्या नाकाजवळून गेला. मी दचकलोच. लसूण आणि भिवापुरी! खलबत्त्यात कुटलेली, वरून कच्चं तेल सोडलेली. आता मिरची ओळखाले मले डोळे लागत नाहीत.

"कुठं गेली होती?" मी विचारलं.

"यमुताईकडे. ब्लाउजचं माप द्याले."

यमुताई मागच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते. पण मागच्या आठवड्यातही भावना ब्लाउजचंच माप द्याले गेली होती, आणि त्याच्या मागच्याही. किती ब्लाउज शिवते ही बाई? बायकोच्या अंगाले परक्या अत्तराचा वास आला का नवऱ्याचं जसं होईल, तसं मले त्या मिरचीच्या वासानं झालं. मी इथं दुधी गिळून राहिलो, आणि ही माझ्यावाचून ठेचा खाते! वरून सांगते, मले चालते. मी गोळी गिळली, पण आतून असा पेटलो होतो का विचारू नका. सिगरेट सोडलेल्या माणसाले पेटाले काडी लागत नाही.

बाजाराले सुट्टी होती त्या दुपारी भावना पुन्हा "यमुताईकडे जाऊन येते" म्हणून निघाली. मी थोडा वेळ थांबलो आणि तणतणत मागोमाग गेलो. रस्ताभर मनात भांडण तयार करत होतो. पहिलं वाक्य ठरलं होतं, दुसरंही ठरलं होतं. यमुताईचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि सरळ आत घुसलो.

भावना शिलाई मशीनच्या बाजूले खाली बसली होती. मांडीवर ताट होतं, ताटात भाकर होती, लाल ठेचा होता. डोळ्यांत पाणी होतं, नाक लाल झालं होतं, आणि ती हसून राहिली होती. असं हसताना मी तिले किती दिवसांत पाहिलं नव्हतं. मले पाहिलं, आणि तिनं पटकन ते ताट पदराखाली झाकलं.

पोरगी नोकरीले लागलेली बाई, स्वतःच्या नवऱ्याले पाहून जेवणाचं ताट लपवून राहिली होती. माझं पहिलं वाक्य कुठं गेलं, दुसरं कुठं गेलं, काहीच आठवेना. मी तसाच दारात उभा राहिलो.

"या अंकुशभाऊ," यमुताई म्हणाली. "एकटेच आले? पोलीस नाही आणले सोबत?"

"ताई, मी तर सहजच…"

"सहज कोणी अशी दारं ढकलते का? बसा तिथं. आजारी तुम्ही आहात का ती? तिनं काय पाप केलं, का जन्मभर दुधी खावा?"

"मी कुठं म्हटलं तिले खाऊ नको!" माझा आवाज चढला. "मी तर म्हणतोच, खा म्हणून! काय वं भावना, म्हटलं का नाही मी?"

भावनानं पदर बाजूले केला. ठेचा पदराले लागला होता, तो ती बोटानं पुसत बसली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "म्हटलं तुम्ही. पण तुमच्यासमोर मले खावत नाही. मी तिखट खाल्लं का तुम्ही माझ्या ताटाकडे पाहता. मग तुमचा हात खिशाकडे जाते. मग मले वाटते, आता हे उठले, आता गेले टपरीवर. आणि मग ते आतडं कापणं… मले तो घास गिळवत नाही हो."

यमुताई उठून आत गेली. मी भावनाजवळ खाली बसलो. म्हटलं, "मले तुझ्यासोबत जेवाचं आहे."

"रोजच तर जेवतो."

"ते जेवण नाही. तेव्हा तूही तिथं नसते, मीही नसतो. रविवारी मटन कर. तुझ्यासाठी कर. मी माझा भातच खाईन, रश्श्याले हात लावणार नाही. पण तू माझ्यासमोर बसून खा."

"आणि तुम्ही उठून गेले तर?"

"नाही जाणार."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं उधारीवर माल मागणाऱ्याकडे आम्ही बाजारात पाहतो. पण नाही म्हणाली नाही.

रविवारी मी स्वतः बाजारातून भिवापुरी आणली, देठं खुडून दिली. तिनं मसाला भाजाले घेतला आणि घर भरून गेलं. शेजारी खोकाले लागले. मी शिंकत होतो, डोळे पुसत होतो, आणि तिथून हलत नव्हतो. इतकी वर्षं या वासात राहिलो, पण हा वास असा आहे हे मले माहीतच नव्हतं. खोबरं वेगळं येत होतं, धने वेगळे, मिरची सगळ्यांच्या वरून. वाटलं, धुरापायी आपण काय काय घालवलं राजा!

आम्ही बसलो. माझ्या ताटात मऊ भात आणि दही, तिच्या ताटात रस्सा. पहिला घास तिनं भीत भीत घेतला. म्हटलं, "कसा झाला?"

"मीठ कमी आहे."

"वासावरून तर बरोबर वाटते."

ती हसली. मग ती खाऊ लागली, आणि मीही माझा भात खाऊ लागलो. खरं सांगतो, त्या वासासोबत भातही गोड लागला. तिच्या आईचा विषय निघाला, पिंकीच्या घरमालकिणीचा निघाला. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात जेवताना आवाज होत होता.

माझा भात आधी संपला. आणि तेव्हा सिगरेटची आठवण आली. कशी आली सांगू! रश्श्याचा वास नाकात, रविवारची दुपार, समोर भावना, सगळं जसंच्या तसं, आणि फक्त सिगरेटच नाही. हात खिशाकडे गेला. पाय आपोआप दुमडले. अंगाले घाम सुटला. चौकातली टपरी इथून किती जवळ आहे, हे मले तेव्हाच आठवाचं होतं. डॉक्टर, आतडं, कापणं, सगळं ठाऊक होतं, आणि सगळं कोणा दुसऱ्या माणसाचं वाटत होतं.

भावनाचा हात घासासकट मधेच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. जिनं माझं पाकीट कचऱ्यात टाकलं होतं, जिनं सगळ्या संसारात सिगरेटवरून माझा उद्धार केला होता, ती बाई हळूच म्हणाली, "जा हो. एक ओढून या. एकच. तुमचे हे हाल मले पाहवत नाहीत. मी काही म्हणणार नाही."

मी उठणारच होतो, खोटं कायले बोलू. तिनं परवानगी दिली होती. पण माझी नजर तिच्या हातातल्या घासावर गेली. रश्श्यात भिजलेला भाकरीचा घास, तिच्या बोटांवरून तर्री ओघळून राहिली होती. मी उठलो, तर हा घास ताटात परत जाईल. आणि मग ती माझ्यासमोर पुन्हा कधी खाणार नाही, हे मले पक्कं समजलं.

"तू खा," म्हटलं. "तू खाऊन राहिली, तोपर्यंत मी बसतो. त्याच्यापुढचं मले माहीत नाही."

तिनं तो घास तोंडात घातला. हळूहळू चावला. मग दुसरा घेतला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून तिच्याकडे पाहत बसलो. ताटातली भाकर संपली तशी तिनं टोपल्यातून आणखी एक घेतली, वर रस्सा वाढून घेतला आणि पुन्हा खाऊ लागली. भावना आयुष्यात दोन भाकरींच्या वर खात नाही. ही तिची तिसरी होती. पोट केव्हाचंच भरलं होतं तिचं, मले दिसत होतं. माझ्या कपाळावरचा घाम वाळेपर्यंत ती एकेक घास मोडून खात राहिली.