उलटा फिरवलेला पंखा

विमानाचा पंखा अडला. तानबाने पाय रोवून पातं पुन्हा खाली ओढलं, तरी ते अर्ध्यावर येऊन थांबलं ते थांबलंच.

"काऊन तानबा," बांधावरून रूपरावांनी आवाज दिला, "तुह्यं इमान आज उपाशी हाय का गा?"

बांधावरची पंचवीस-तीस माणसं खदखदून हसली. सगळी हिंगणीची, तानबाच्याच गावची. रूपरावांच्या चौदा एकर कापसात बोंडअळी शिरली होती आणि चार दिवसांच्या झडीनंतर आज कुठे आभाळ उघडलं होतं. फवारणीचं विमान उडतं की नाही हे पाहायला ते उजाडताच बैलगाडी जुंपून माळावर आले होते. येताना अर्धं गाव घेऊन आले होते, कारण फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

तानबाला घाम फुटला. एरवी तो पाच-सहा गावांत नाव असलेला माणूस. विहिरीवरचं ऑइल इंजिन कुठेही बंद पडो, तानबाने कान लावला की दुखणं सापडायचं. १९७४च्या पावसाळ्यात सेलूजवळच्या माळावर फवारणीवाल्या कंपनीने धावपट्टी आखली. मेकॅनिक प्रभाकररावांना हाताखाली जाणता माणूस हवा होता, म्हणून तानबा तिथे लागला. लागला आणि बिघडला, असं त्याची बायको कौशल्याबाई म्हणायची. कारण तेव्हापासून पारावर बसला की त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "पायलट नुस्ता बसते," तो सांगायचा, "इमान त आमी दोघं चालवतो."

ही फुशारकी होती, पण अगदीच पोकळ नव्हती. प्रभाकरराव सिंदी मेघे गावचे. वायुदलात अठरा वर्षं इंजिनं उघडून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी तानबाला इंजिनासमोर उभं केलं होतं. "घाबरू नोको. हे तुह्या विहिरीवरच्यावानीच हाय. हवा ओढते, दाबते, पेटवते, धूर फेकते. चारच कामं. तुह्यं डिझेल दाबानंच पेटते, हे पेट्रोल हाय, याले ठिणगी लागते." नऊ सिलिंडर गोल मांडलेले आणि मधोमध पंख्याचा दांडा. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे प्लग मात्र दोन-दोन.

"दोन काऊन साहेब?"

"एक रुसला त दुसऱ्यानं संसार चालवावा म्हणून. वर आभाळात खाली उतरून धक्का मारता येते का?"

तानबाला हे फार आवडलं होतं. रोज संध्याकाळी तेलाची जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर झटकायचं कामही त्याला आवडायचं. "फडक्यावर लोखंडाची चमक दिसली की समजजो," प्रभाकरराव म्हणायचे, "अंदर कोनी कोनाले खाऊन राह्यलं." तानबा फडकं उन्हात धरून डोळे बारीक करून पाहायचा. गेल्या दोन महिन्यांत एकदाही चमक दिसली नव्हती, आणि याचं श्रेय तो थोडंसं स्वतःकडे घ्यायचा.

सकाळचं काम पंख्याचं. गोल इंजिन उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत उतरतं. तेल काही हवेसारखं दबत नाही. ते भरलं असताना इंजिन सुरू केलं तर आतलं काहीतरी मोडणारच. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा, चालीच्या दिशेने, समोरून नऊ वेळा पातं जाईपर्यंत मोजून. अडला तर जोर करायचा नाही. प्रभाकररावांना सांगायचं, ते खालचा प्लग काढून तेल सोडून देतील. "आन् उलटा त कवाच फिरवू नोको," असंही त्यांनी बजावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. तानबानेही विचारलं नाही. देवाला उलटी प्रदक्षिणा घालू नये तसलंच काही असेल, असं त्याने धरून घेतलं.

आज प्रभाकरराव पायलटला आणायला जीप घेऊन सेलूला गेले होते. जाताना म्हणाले होते, "पंखा फिरवून ठेवजो."

"राहू दे तानबा," रूपराव पुन्हा ओरडले. "माह्ये बैल सोडू का? जुंपू इमानाले?"

यावेळी हशा जरा जास्तच झाला. तानबाचे कान तापले. विहिरीवरचं इंजिन असं अडलं असतं तर त्याने काय केलं असतं? हँडल उलटं मारलं असतं. बारा वर्षं तो तेच करत आला होता. त्याने एकदा सेलूच्या रस्त्याकडे पाहिलं. जीप दिसत नव्हती. त्याने पातं धरलं आणि उलट्या बाजूने जोराचा झटका दिला. आत कुठेतरी गुळगुळ झालं आणि पंखा मोकळा झाला. मग त्याने सरळ बाजूने नऊ पाती मोजली. कुठेही अडलं नाही.

"मानलं बापा!" रूपराव म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तानबाने हात पुसले. तेव्हा त्याला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

जीप आली. प्रभाकरराव उतरता उतरताच म्हणाले, "फिरवला?"

"हो साहेब."

"चार दिवस उभं होतं. अडला नाई ना?"

बांधावरून माणसं ऐकत होती. "नाई साहेब," तानबा म्हणाला.

पायलट कॅप्टन दिघे पुण्याचे, तिशीचे, हसतमुख. रोज सकाळी आधी तानबाला "राम राम तानबा" म्हणायचे आणि मगच विमानाकडे बघायचे. आजही म्हणाले. प्रभाकरराव त्यांच्याबरोबर विमानाभोवती फिरत एकेक गोष्ट हाताने चाचपत होते आणि त्यांना बोलायची लहर आली होती.

"नशीब, नाई अडला. आमच्या उमेदीत एकानं अडलेला पंखा उलटा फिरवला होता, कॅप्टनसाहेब. मोकळा झाला म्हणून तो खूश. पन सिलिंडरातलं तेल गेलं कुठं? हवेच्या नळीत जाऊन बसलं. इंजिन सुरू झालं की तेच तेल परत ओढल्या जाते. आतला पिस्टनचा दांडा थोडासा वाकते. समजत नाई. आवाजबी बराबर येते. मंग वर गेल्यावर तुटते."

"आणि पायलट?"

"त्याच्या घरी सांगाले आमीच गेलतो," प्रभाकरराव म्हणाले आणि पुढच्या चाकाकडे वळले.

तानबाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. नाही झालं तसं तर? नऊ पाती तर सरळ फिरली. पण ते गुळगुळ त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि इंजिनाच्या बाबतीत आपला कान खोटं बोलत नाही हा तर त्याचा आयुष्यभराचा अभिमान. दिघे कापसाच्या वर दोन पुरुष उंचीवरून फवारायचे. तिथे इंजिन गेलं तर सावरायला जागाच नाही. सांगावं तर काम जाणार. कामाचं एकवेळ चाललं असतं. पण सगळ्या हिंगणीसमोर, ज्या टाळ्या आत्ता घेतल्या त्या परत करायच्या? आणि तेही रूपरावांना?

दिघे चढून बसले. पट्टा बांधला. त्यांनी काचेतून बोट वर करून विचारलं, सुरू करू?

माळावरचा पहिला नियम होता की पायलट आत बसला की पंख्यासमोर कोणी जायचं नाही. तानबा तिथे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर.

"तानबा! मरतं का बे!" प्रभाकरराव धावले.

"सुरू नोका करू साहेब." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "पंखा अडला होता. म्या उलटा फिरवला. तुमाले खोटं बोललो."

 दिघ्यांनी हात हळूच मागे घेतला आणि ते खाली उतरले. प्रभाकररावांनी तानबाकडे पाहिलं.  तानबा थापडेची वाट पाहत होता.

"पाना आन," प्रभाकरराव म्हणाले.

आधी खालचे प्लग काढले. थेंब-दोन थेंब पडले. "काई नाई निघालं," बांधावरून रूपराव वैतागले. "दुपारी वारा सुटंल, मंग औषध जाईन दुसऱ्याच्या वावरात." प्रभाकररावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते विमानाखाली उताणे झाले आणि सर्वांत खालच्या सिलिंडरच्या हवेच्या नळीचे नट सैल करू लागले. तानबा शेजारी चहाचा पेला धरून बसला. नळी सुटली आणि काळं तेल आलं. पेला भरला, वर तळहातावर सांडलं.

प्रभाकररावांनी तो पेला दिघ्यांच्या हातात दिला. दिघे पेल्यातल्या तेलाकडे बघत चाकावर बसले.  पेला खाली ठेवून ते म्हणाले, "तानबा, थोडं पाणी दे रे."

प्रभाकरराव उठले, कपाळ पुसलं. तानबा मान खाली घालून उभा होता. "तुह्यावर चिडलो असतो," ते म्हणाले. "पन म्याबी नुस्तं उलटा नोको म्हनलं, काऊन नोको ते सांगतलंच नाई. जानत्या मानसाले कारन सांगा लागते. खोटं मात्र पुन्यांदा बोलू नोको, अं?"

सगळ्या नळ्या तपासून होईपर्यंत वारा सुटला आणि त्या दिवशी विमान उडलंच नाही. रूपराव चरफडत बैलगाडीत बसले. हिंगणीत गोष्ट पोचली ती अशी, की तानबानं इमान बिघडवलं. कौशल्याबाईने ती विहिरीवर ऐकली आणि घरी येऊन विचारलं. "लोकं काईबी बोलते," एवढं म्हणून तानबाने ताट पुढे ओढलं. पारावर जाणं त्याने सोडलं. कोणी विमानाचं काढलं की तो विडी पेटवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळावर गेला तो डबा न घेताच. घरी पाठवतीलच, तर डबा कशाला? दिघे जीपमधून उतरले. "राम राम तानबा," म्हणाले, रोजच्यासारखंच. प्रभाकररावांनी नुसतं मान वळवून सांगितलं, "पंखा." आणि तो कसा फिरवतो हे न पाहता ते पाठ करून हात धुवायला निघून गेले. तानबाने नऊ पाती मोजली. मोजताना त्याला पातं धड दिसत नव्हतं. शंभर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या तरी त्या माणसाच्या त्या वळलेल्या पाठीची सर त्यांना आली नसती. रूपरावांचा कापूस त्या सकाळी फवारून झाला, आणि निम्मा तरी वाचला.

हंगाम संपला. शेवटच्या आठवड्यात दिघ्यांची बायको नलू पुण्याहून आली होती. परत निघायच्या दिवशी जीप सेलूच्या रस्त्याला न लागता थेट हिंगणीत तानबाच्या दारात उभी राहिली. दिघे, नलू आणि मागे प्रभाकरराव. कौशल्याबाईची धांदल उडाली. तरी तिने वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे केला, आणि दिघ्यांनी ठेच्याने डोळ्यांत आलेलं पाणी पुसत पुसत तीन भाकरी खाल्ल्या.

निघताना नलू जीपपाशी थांबली. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि वाकून तानबाच्या पायांना हात लावला.

तानबा दोन पावलं मागे सरकला. "अवो बाई, हे काय करून राह्यल्या! चूक माहीच होती."

"माहीत आहे मला. यांनी सगळं सांगितलंय." तिचे डोळे भरले होते. "चूक कोणाचीही होते हो. पण तुम्ही पंख्यापुढे येऊन उभे राहिलात, म्हणून हे आज माझ्याबरोबर घरी येतायत. तुमचे उपकार मी कसे विसरू?"

 उपकार तर तानबावर झाले होते. एकाही शब्दाने न टोचता पाना मागणाऱ्या माणसाचे, दुसऱ्या सकाळी राम राम घालणाऱ्या माणसाचे. आणि वेळेवर हललेल्या स्वतःच्या जिभेचेसुद्धा.  "येजो बाई," एवढंच तो म्हणाला, "दोघंबी येजो."

जीप वळणावर दिसेनाशी झाली. कौशल्याबाई अजून दारातच होती.

"येवढ्या मोठ्या घरची बाई," ती म्हणाली, "ते काऊन पडली तुमच्या पाया?"

तानबाने तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं. स्वतः समोर बसला. कपाळावरचा घाम पुसला.

"म्या पंखा उलटा फिरवला होता," त्याने सुरुवात केली. "आन् मंग खोटं बोललो."